चैती सापडली

“बाय, चैती सापडली,” असं चैतीला तिच्या बापानं फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या हातात एका अनोळखी म्हाताऱ्याचं डोकं होतं. नाशिकच्या त्या इस्पितळात तिचं कामच ते, मेंदूचा आलेख काढायचं. टेपनं डोकं मोजायचं, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, केस बाजूला सारून खरबरीत मलमानं कातडी घासायची, आणि एकेका खुणेवर पांढऱ्या लेपाचा ठिपका ठेवून त्यात वायरीची वाटी बसवायची. अशा एकवीस वाट्या. कामाच्या वेळी बाप कधी फोन करत नसे, म्हणून तिनं मोबाईल कान आणि खांद्यामध्ये धरला होता. “कोण सापडली?” तिनं विचारलं. “चैती,” तिचा बाप लहान्या म्हणाला, आणि मग जरा मोठ्यानं, “माझी बहीन. थोरली. जिती हाय. आपल्या पाड्यावरचा देवानंद गुजरातेत कामाला गेलता, तो घेऊन आला तिला. तू ये, बाय. मंगळवारी पुंजा भगत दाणे टाकनार हाय परत.” म्हाताऱ्यानं डोकं न हलवता विचारलं, “काही वाईट बातमी का हो सिस्टर?” “नाही, चांगली आहे,” ती म्हणाली. तिनं चौदावी वाटी पंधराव्या खुणेवर बसवली होती. ती काढली, लेप पुसला आणि पुन्हा बसवली. मग म्हाताऱ्याला डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूनं एक शांत, सारखी लाट सुरू होते. उघडले की मोडते. दिवसातून दहादा ती हे बघायची. त्या दिवशी लाट आली आणि ती नुसतीच बघत राहिली. उघडा म्हणायचं विसरली. म्हातारा बिचारा आज्ञाधारकपणे झोपून गेला.

असला घोटाळा दाभोशाकडच्या तिच्या पाड्यावरच व्हायचा. तिथं मूल झालं म्हणजे कुणी नवीन आलं असं धरत नाहीत, गेलेलं माणूस परत आलं असं धरतात. कोण आलंय तेवढं शोधायचं असतं. पाचव्या दिवशी भगत पितळीत पाणी घेतो, मुलाचा म्हणून तांदळाचा एक कोरडा दाणा पाण्यावर अलगद ठेवतो, आणि मग घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक घेत दुसरा दाणा सोडतो. आजा, पणजी, साप चावून गेलेला चुलता. ज्याच्या नावाचा दाणा तरंगत जाऊन पहिल्याला भिडेल, ते माणूस आलं. मेलेल्यांची नावं घ्यायचा मान बापाचा. लहान्याची पोर भादव्यात जन्मली, आणि त्यानं आजा नाही, आजी नाही, पहिलंच नाव घेतलं ते चैतीचं. दाणे भिडले. म्हणून भादव्यातल्या पोरीचं नाव चैती. पुढे कॉलेजात कुणी विचारलं, “चैत्रातला जन्म का गं?” तर ती सरळ हो म्हणून टाकायची. खरं सांगायचं म्हणजे अर्धा तास गेला असता, आणि समोरच्याची तेवढी तयारी नसते.

थोरली चैती म्हणजे लहान्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा लहान्या अंगावर पीत होता. बहिणीनंच त्याला नागलीची आंबील भरवली, तिनंच पाठुंगळी बांधून रानात नेलं. तो सात वर्षांचा असताना, दिवाळीनंतर, वसईकडे गवत कापायला माणसं न्यायचा एक ट्रक नदीपलीकडे येऊन उभा राहिला. त्यात ती गेली ती गेलीच. दोन वर्षांनी कुणीतरी निरोप आणला की खाडीकडे तापानं मेली. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं, पण निरोप आणणारा रडला होता, तेव्हा घरच्यांनी विश्वास ठेवला आणि तिचे दिवस घातले. मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव चढलं, आणि पुढे पितळीतल्या पाण्यावर घेतलंही गेलं. आता त्या पाण्याला तरी काय ठाऊक, की यादीतली बाई तिकडे गुजरातच्या किनाऱ्यावर जिवंत आहे, संसार करते आहे, सुकट विकते आहे.

तेवीस वर्षांच्या चैतीला बापानं एकदाही मुलगी म्हणून हाक मारली नव्हती. ‘बाय’ म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती दोन वर्षांची होती तेव्हाही, नाकातून शेंबूड गळत असतानाही, बायच. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय तो जेवत नसे. नवा तांदूळ घरात आला की पहिला भात तिच्या पुढ्यात. वरच्या तुकड्यात यंदा वरई टाकू की नागली, हे तो पाच वर्षांच्या पोरीला उकिडवा बसून गंभीरपणे विचारायचा, आणि ती बोट दाखवील ते पेरायचा. तिची आई रामी, माहेरची पोशेऱ्याची, तोंडानं फटकळ. ती म्हणायची, “लोकांच्या पोटाला पोरां येतात, माझ्या पोटाला नणंद आली.” आणि कधी हात उगारलाच, तर लहान्या दाराशी उभा राहून म्हणायचा, “बायला मारतंस?” त्या आवाजात राग नसे, नुसती भीती असे, आणि त्या भीतीपुढे रामीचा हात आपोआप खाली यायचा. शाळेतल्या मैत्रिणींना वाटे, काय नशीब आहे हिचं. तिला मात्र वर्गातल्या प्रगतीचा हेवा वाटायचा. प्रगतीनं पाटी फोडली तेव्हा तिच्या बापानं तिला चार लोकांत दोन धपाटे घातले होते, आणि संध्याकाळी तीच प्रगती त्याच बापाच्या खांद्यावर बसून, चुरमुरे खात, पाय हलवत घरी गेली होती. ते पाय चैतीला अजून दिसत. अकराव्या वर्षी तिनं मुद्दाम एक उद्योग केला. बैलाचं दावं सोडलं आणि त्याला नागलीच्या रोपात घातलं. अर्धं रोप गेलं. ती छाती पुढे काढून उभी राहिली, आता धपाटा बसेल म्हणून. लहान्यानं रोपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाला, “बायच्या मनात आला असंल.” ती गोठ्यामागे जाऊन ढसाढसा रडली. कुणासाठी तरी इतकं सोसणारा माणूस आपल्याला पाहतच नाही, आपल्याला ओलांडून मागच्या कुणाला तरी पाहतो, हे तिला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. पण कळलं होतं.

आणि तरी त्या मागच्या बाईशी तिचं वैर नव्हतं. उलट ती तिला जपत आली. थोरल्या चैतीला सुकट आवडत नसे म्हणे, म्हणून हिलाही सुकटीचा वास सहन होईना. थोरली डावीकडे मान कलती करून ऐकायची, असं कुणी म्हातारी सांगायची, की हिची मान डावीकडे कलायची. खरंच कलायची की सांगितल्यावर कलायची, याचा ती नाशिकला आल्यावर पुष्कळ विचार करी. एकदा कामावरच्या हर्षदानं गंमत म्हणून तिच्याच डोक्याला एकवीस वाट्या लावल्या आणि पडदा तिच्याकडे फिरवला. तिनं आपल्या लाटा पाहिल्या. हजारो लोकांच्या पाहिल्या होत्या तशाच. डोळे मिटले की शांत, उघडले की विस्कटलेल्या. हर्षदा म्हणाली, “एकदम नॉर्मल आहेस गं, वाया गेला कागद.” चैती हसली, पण मनात म्हणाली, यात कुठंतरी ती असायला हवी होती.

मंगळवारच्या आदल्या दिवशी ती निघाली. त्र्यंबक मागे पडलं, तोरंगणचा घाट उतरून एसटी मोखाड्याच्या वळणांना लागली, आणि खिडकीतून पिवळी पडत चाललेली भाताची खाचरं दिसू लागली, तसं तिच्या लक्षात आलं की आपण एकाच गोष्टीसाठी चाललो आहोत. दाणे, नाव, लोक काय म्हणतील, ते सगळं ठीक. पण तिच्याजवळ एक आठवण होती, आणि ती कुणाची आहे हे तिला विचारायचं होतं. कमरेएवढं थंड पाणी. पायाच्या बोटांखाली शेवाळलेला गोटा, तो घट्ट धरायचा आणि मग दुसरं पाऊल टाकायचं. पाठीवर एक मूल, त्याचे गुडघे फासळ्यांत रुतलेले, त्याची मूठ केसांत. मूल रडून थकलेलं आहे आणि आता मानेवर गरम श्वास सोडतंय. समोरचा काठ जवळ येतोय. इतकंच. स्वतःच्या आयुष्यातलं तिला काहीच इतकं लख्ख आठवत नसे. दहावीचा निकाल नाही, पहिला पगार नाही. पाच वर्षांची असताना बापाचं बोट धरून ती त्या नदीच्या उतारावर पहिल्यांदा आली, तेव्हा थांबून, पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, “आठून मी तुना पाठीवर घेऊन पार नेला व्हता.” रामी होती बरोबर, आणखी दोघीचौघी होत्या. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. लहान्या मटकन गोट्यावर बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. त्या दिवसापासून पाड्यावर कुणाच्याही मनात शंका उरली नाही. पोर बोलली, खूण दिली, संपलं. आणि तिला स्वतःलाही, इंग्रजी पुस्तकं वाचून परीक्षा दिल्यावरही, मेंदूतली आठवण कुठे साठते याचं चित्र काढून दाखवता येत असतानाही, त्या थंड पाण्यावर अविश्वास ठेवता आला नव्हता. आता जिची ती आठवण, ती जिवंत होती. एक माणूस मेल्याशिवाय दुसऱ्यात कसं येईल? मग माझ्या पाठीवर ते गुडघे कुणाचे रुततात? आणि बापानं तेवीस वर्षं जे काही दिलं, ते घराच्या पत्त्यावर आलेलं दुसऱ्याचं टपाल असेल, तर आता ते परत करावं लागणार, आणि आपल्याकडे बापाचं म्हणून काही म्हणजे काहीच उरणार नाही. जव्हारला ती जीपमध्ये बसली. शेजारच्या बाईनं कोंबडी मांडीवर घेतली होती. कोंबडीचं एक डोळा मिटून पाहणं तिला त्या दिवशी सहन होईना.

घराच्या ओट्यावर एक बारकीशी बाई बसली होती. गुजराती पद्धतीनं पदर पुढे घेतलेला, हातावर गोंदण, गालफडं बसलेली, वय पन्नाशीचं पण सत्तरीची दिसणारी. समोर ताटलीत भाकर आणि भाजलेली सुकट. ती सुकट चवीनं, एकेक डोकं मोडून बाजूला ठेवत खात होती. चैती उभी राहिली आणि तिला भलत्याच वेळी हसू आलं. आयुष्यभर जिच्यासाठी आपण सुकट टाळली! “तुला आवडते?” तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच. बाईनं वर पाहिलं. “का नाय आवडायची? लहानपनापासून आवडते. घरात मिळायची नाय, मंग मी सांगायची, मना नकोच. वीस साल धंदा केला हिचा.” मग हात पुसून तिनं चैतीकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू ती काय?” “हो,” चैती म्हणाली. मान मात्र आत्याची डावीकडे कलली नाही. ती सरळच होती.

त्या संध्याकाळी लहान्या बहिणीच्या आसपास घुटमळत होता, तिला पाणी हवं का, गोधडी हवी का बघत होता, पण तिच्याशी बोलताना त्याची जीभ अडखळे. बहिणीच्या बोलण्यात मधूनमधून गुजराती-हिंदी शब्द. घरची बोली तिच्या तोंडात थोडी परकी झालेली. आणि गंमत अशी, की हाक मारायची वेळ आली की तो थांबायचा. ‘बाय’ म्हणायला तोंड उघडायचा आणि दोघींपैकी कुणाकडेच न बघता बाहेर जायचा. चैतीनं ते पाहिलं. तिला वाटलं, संपलं, आता तो ती हाक माझ्याकडून काढून घेतोय, आणि भल्या माणसाला काढून घेताना लाज वाटतेय. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त. रामी चुलीशी बसून म्हणाली, “एक नणंद पुरी व्हती मना, आता दोन झाल्या,” पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. पुंजा भगत येऊन गेला. आता खूप म्हातारा झालेला, मोतीबिंदूचा एक डोळा पांढरा. तो दारातूनच म्हणाला, “दाने खोटा बोलत नाय. माझीच नजर चुकली असंल. उद्या परत टाकू. कोन आलाय ते तं समजला पाहिजे ना, पोरीला असा बिनावारशी कसा ठेवायचा?” ‘बिनावारशी’ हा शब्द त्यानं अगदी मायेनं वापरला.

सकाळी आत्या धुणं घेऊन नदीवर निघाली, तशी चैतीही निघाली. पाऊस संपून महिना झाला होता. पाणी निवळलं होतं आणि उतारावर मांडीपर्यंत होतं. आत्या खडकावर लुगडं आपटत होती. चैतीनं विचार केला होता की हे हळूच, वळणावळणानं विचारायचं, पण तिच्या तोंडून ते सरळच निघालं. “आते, ट्रकवर गेलीस त्या दिवशी तू बाबाला पाठीवर घेऊन इथनं पार नेलंस ना?” आत्याचा हात थांबला. “पाठीवर?” तिनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. “ना रे बेटा. कोन सांगतो? मी त्याना सांगितलाच नव्हता का मी जाते. तो मागं मागं आला. आठं, या दगडावर त्याना बसवला. सांगितला, बस, मी आलीच. आन् एकली उतरली पान्यात. तो वरडत व्हता, बाय, बाय, बाय. ट्रक सुरू झाला तरी वरडत व्हता.” तिनं लुगडं पिळलं, पुन्हा पाण्यात बुडवलं, आणि पिळलेलं पुन्हा ओलं झालं हे तिच्या ध्यानात आलं नाही. “मी वळून नाय पाहिला. वळली असती तं गेली नसती. आन् जायाचा तं व्हता मना. सोला वरसांची व्हती मी, किती दिस दुसऱ्याचा पोर पाठीशी बांधून हिंडू?” जरा वेळानं ती म्हणाली, “मंग यायाचा धीर नाय झाला. एकदा आपल्या आठल्याच एका मानसानं सांगितला, तुझ्या भावाला पोर झाली, तूच आलीस तिच्यात, भाऊ लई जपतो तिला. मी म्हनली, बरा झाला. तठं चैती हाय. मंग माझा काय काम?”

चैती पाण्यात उतरली. कारण काही नव्हतं. पाय आपोआप गेले. गोटे शेवाळलेले होते आणि पाणी थंड होतं, तिच्या आठवणीत होतं तसंच थंड. पाठीवर मात्र कुणी नव्हतं. तिनं डोळे मिटले. गुडघे आले, मूठ आली, मानेवरचा श्वास आला, अगदी पहिल्यासारखे. म्हणजे हे कधी घडलंच नव्हतं. ना हिच्या बाबतीत, ना माझ्या. या पाण्यातून त्या पोराला कुणी पार नेलं नाही, तो त्या दगडावरच राहिला, आणि एकोणीस वर्षांनी पाच वर्षांच्या एका पोरीनं, बापाचं बोट धरून उभी असताना, त्या बोटातून काय चढलं कुणास ठाऊक, त्याला उचललं. तिला त्या पाच वर्षांच्या पोरीचं नवल वाटलं. इतकी वर्षं आपण आत शोधत होतो एका परक्या बाईला, आणि आत ही बसली होती, हट्टी, खोटारडी, बापावर जीव टाकणारी. पण बापाला तिची काय किंमत? त्याला तर वाटलं, बहीण बोलली. तिचं एकमेव स्वतःचं असं जे होतं, तेही तिनं दुसरीच्या नावावर देऊन टाकलं होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. काठावरून आत्या ओरडली, “पान्यात नको जाऊस, मना भीती वाटते.”

दुपारी घर माणसांनी भरलं. पुंजानं सारवलेल्या जमिनीवर पितळी ठेवली, तिच्यात पाणी ओतलं, आणि पाणी स्थिर होईतो सगळ्यांना श्वाससुद्धा जपून घ्यायला लावला. चैतीला पितळीच्या एका बाजूला बसवलं, लहान्याला दुसऱ्या. आत्या भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून. रामी दारात. पुंजानं पहिला दाणा चिमटीत धरला, हलक्या हातानं पाण्यावर ठेवला. तरंगला. “ही पोर,” तो म्हणाला. मग दुसरा दाणा धरून पाण्याजवळ हात नेला आणि लहान्याकडे मान वळवली. “हं, घे नाव. पयला कोनाचा?” पुंजाला वाटलं, लहान्याला आठवेना झालंय, म्हणून त्यानं मदत केली. “तुझी आईस घे. नाय तं तुझा आजा, अर्जुन. घे.” लहान्या पाण्यातल्या त्या एकट्या दाण्याकडे बघत होता. चैतीला पुढचं दिसत होतं. एकदा कुणाचं तरी नाव निघेल, दाणे भिडतील, आणि मग ती बापाची आई होईल, नाही तर आजा, आणि उरलेला जन्म तो तिला त्या नावानं पुजत राहील. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नको, एवढ्या मेलेल्यांत मला ढकलू नको.

“कोनाचाच नको,” लहान्या म्हणाला.

“असा कसा? कोन तरी आलाच असंल ना?”

“नाय. ही पयल्यांदाच आलीय.”

असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. लोकांत कुजबुज झाली. पुंजाचा हात तसाच पाण्यावर अधांतरी राहिला. “तुना कसा माहीत?” त्यानं विचारलं, विचारताना तो भगत नव्हता, एक गोंधळलेला म्हातारा होता. लहान्यानं पितळीवरून नजर काढली, पण मुलीकडे पाहायचा त्याला अजून धीर होत नव्हता. “ही पाच वरसांची व्हती,” तो म्हणाला. “उतारावर मना बोलली, मी तुना आठून पार नेला. तुम्ही समद्यांनी ऐकला. बायनं मना पार नेला नव्हता. मी काठावरच व्हतो, मना माहीत नाय काय? त्या दिशीच मना समजला, ही बाय नाय. बायला तं माहीत असता का तिनं मना टाकला. हिना माहीत नव्हता. हिना वाटला, असा रडणारा पोर दिसला तं उचलायचाच असतो.” भिंतीशी बसलेल्या आत्यानं पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला. लहान्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ठपका नव्हता, इतक्या वर्षांत तो झिजून गेला होता. तो हळूच म्हणाला, “तुझ्यावर राग नाय माझा.”

दारातून रामीला राहवेना. “आन् मंग अठरा वरसां बाय बाय करून नाचलास तो कशाला? माझ्या पोरीला साधी पोर म्हनून कवा जवळ घेतला नाय तो?” तिचा आवाज फाटला होता. घरात इतकी माणसं असूनही ती पहिल्यांदा असं बोलली होती, आणि ती आपल्याच बाजूनं बोलते आहे, ती नेहमीच आपल्या बाजूनं होती, हे चैतीच्या आत्ता लक्षात आलं.

लहान्या रडत नव्हता, शब्द शोधत होता, आणि घरच्या बोलीतही ते त्याला सापडत नव्हते. “मी त्या दिशी किती हाका मारल्या,” तो अखेर म्हणाला. “गळा बसला माझा. ती वळली नाय. मंग ही झाली. हिना मी बाय म्हनून हाक मारली, का ही लगेच वळायची. रांगत व्हती तवाही वळायची. दात नव्हतं तोंडात, पन हसायची. मना ती हाक सोडवत नव्हती.” त्यानं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. “माझा चुकला. पोरीला पोर म्हनाया पाहिजे व्हता.”

पुंजानं हातातला दाणा परत सुपात टाकला. काय करावं हे रीतीत कुठं सांगितलेलं नव्हतं, म्हणून कुणीच काही केलं नाही. लहान्यानं आता कुठं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जुनी हाक त्यानं आत्ताच सर्वांसमोर सोडून दिली होती आणि नवी त्याला येत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आपल्याच मुलीला काय म्हणावं म्हणून अडून बसलेला. तिनं वाट पाहिली. मग ती उठली, पितळीला वळसा घालून गेली आणि त्याच्याजवळ बसली.